मागं सीट नसलेली गाडी

डायवरकाकांच्या हातात स्टेअरिंग आलं की तोंडाला कुलूप लागायचं. एसटीत तीस वर्षं काढली, पण गाडी चालू असताना त्यांनी कुणाशी अवाक्षर काढलं नाही. मग तो डेपोचा साहेब असो, गावचा सरपंच असो, नाहीतर साखरखेर्ड्याला माहेरी निघालेली स्वतःची बायको असो. काकू मुद्दाम त्यांच्या पाठीमागचंच सीट धरायच्या आणि मेहकर सुटल्यापासून एकट्याच बोलत राहायच्या. काका आरशातून एकदा बघायचे आणि पुन्हा रस्त्याकडे नजर लावायचे. ते निवृत्त झाले तेव्हा डेपोतल्या मेकॅनिक लोकांनी त्यांना मोडीत निघालेल्या बसमधली एक पत्र्याची पाटी भेट दिली : 'वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये.' काकांनी ती कौतुकाने ओसरीच्या खांबावर ठोकली. काकू आल्यागेल्याला सांगायच्या, "तीस वर्षं माह्या नवऱ्याची पाठच पाह्यली मी. तोंड पाहाले सुट्टीची वाट पाहा लागे."

डोणगावात आमचं आणि त्यांचं घर भिंतीला भिंत लावून. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करायची, त्यामुळे गल्लीत ज्याच्याकडे कॉम्प्युटरचं काही निघेल तो माझ्याकडे यायचा. एका सकाळी काका वर्तमानपत्र फडकावत आले. नवी स्पोर्ट्स कार निघाली होती. दोन दारं, उघडणारं छत, लालभडक रंग. पण काकांचं बोट होतं ते खालच्या बारीक अक्षरांवर : आसनं दोन.

"पोरी, हिले मागं सीटच नाही!" ते लहान मुलासारखे हसत होते. "पन्नास-पन्नास लोक पाठीवर घेऊन फिरलो. आता एकच सवारी, आन थेही बाजूले!"

काकांचं अर्धं वावर, म्हणजे शेत, महामार्गात गेलं होतं, त्या पैशातून ही हौस निघाली. त्यांना त्याच महामार्गावरून, स्वतःच्या वावरावरून, काकूंना शेजारी बसवून न्यायचं होतं. "माह्या वावरात आता बैलं जुपून डवरा हाकता येत नाही, तं हेच हाकतो," म्हणाले. काकूंनी भाजी निवडता निवडता एकच विचारलं, "आन बोलसान का?" काका खांबाकडे बघत म्हणाले, "बोलीन. थे पाटी काढून फेकीन." त्याच दिवशी मी बुकिंग करून दिलं.

गाडीच्या कंपनीने दसऱ्याचा वायदा केला होता. दसरा आला, आपट्याची पानं वाटून झाली, गाडी आली नाही. तिच्याऐवजी इंग्रजीत गोड निरोप आला. मी तो वाचून दाखवायची आणि काका त्याचं एसटीच्या भाषेत भाषांतर करायचे. यात त्यांचा हात कुणी धरला नसता. "हे पाह्य पोरी. चौकशीच्या खिडकीवर 'लवकरच' म्हणलं, का गाडी डेपोतच उभी हाय. 'निघाली' म्हणलं, का डायवर चहा पिऊन राह्यला. आन 'येऊनच राह्यली' म्हणलं का समजाव, कोणालेच काही ठाऊक नाही." शोरूमच्या पोराला ते फोनवर थेट विचारायचे, "बापू, गाडी कोण्या स्टँडवर हाय थेवढं सांग." तो बिचारा 'सर, प्रोडक्शनमध्ये आहे' म्हणायचा. काका फोन ठेवून आम्हाला सांगायचे, "डेपोत."

पण वाट बघणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं असं त्यांना कधी वाटलंच नाही. गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम अर्धी वीत वर आहे हे कळल्यावर त्यांनी तेवढीच काठी तोडली आणि घरापासून महामार्गाच्या फाट्यापर्यंतचा एकेक गतिरोधक मोजायला निघाले. काठी ठेवायची, वाकून बघायचं आणि "घासते" किंवा "निंगते" असा निकाल द्यायचा. आठवडाभरात निम्मं गाव त्यांच्या मागे वाकून बघायला लागलं. दोन गतिरोधक 'घासते' निघाले. ते थोडे उतरते करून मिळावेत म्हणून काकांनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला, आणि आश्चर्य म्हणजे ते झालेही.

या सगळ्या धामधुमीत एक दिवस ते आमच्या फाटकाजवळच्या शेळीला धडकले. पायीच होते, म्हणून शेळी वाचली. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसत होतं, कडेचं जात चाललं होतं. औषधाने आहे ते टिकेल, गेलेलं परत येणार नाही, असं ते म्हणाले. काकांनी एवढंच विचारलं, "गाडी संक्रांतीले येऊन राह्यली. चालन?" डॉक्टर म्हणाले, दिवसा, मोकळ्या रस्त्यावर, सध्या चालेल. संक्रांत गेली. कुठलीशी चिप कमी पडली म्हणून कंपनीने पाडव्याचा वायदा केला. पाडव्याआधीच्या तपासणीत डॉक्टरांनी स्टेअरिंगला हात लावायला मनाई केली.

त्या दिवशी काका ओसरीवर ती अर्ध्या वितेची काठी घेऊन बसले होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, मी चालवते. तुम्ही दोघं बसा."

"कुठं बसाव?" काका म्हणाले. "मागं सीट हाय का तिले?"

खरंच नव्हतं. मी चालवली असती तर दोघांपैकी एकालाच बसता आलं असतं. तेवढ्यात काकू आतून हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "मंग मले शिकवा."

काका हसले. काकू हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी युसूफभाई गॅरेजवाल्यांची जुनी जीप बाजाराच्या मैदानात उभी राहिली. छप्पन्न वर्षांच्या काकूंनी पदर खोचला, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि क्लचवर पाय दिला. जीप तीन उड्या मारून बंद पडली. युसूफभाई म्हणाले, "भाभी, गाडी है, बैल नहीं. कासरा मत खींचो!"

आणि मग जे झालं त्याने सगळी गल्ली चकित झाली. काका बोलायला लागले. स्टेअरिंग त्यांच्या हातात नव्हतं ना! क्लच, गिअर, आरसा यावरून सुरुवात झाली आणि पुढे कोणत्या घाटात एकदा ब्रेक कसा लागला नाही, कोणत्या फाट्यावरची म्हातारी रोज त्यांच्यासाठी लिंबू घेऊन उभी असायची, तिथवर गोष्ट गेली. "आन तू माहेरी जाताना मागं जे जे बोलली, थे सारं मले याद हाय," असंही एकदा म्हणाले. काकूंनी भर मैदानात जीप बंद पाडली. त्या वेळी चूक क्लचची नव्हती.

पाडव्याचा वायदा मोडल्याचा निरोप मी भीत भीत वाचला. काका उडालेच! "बरं झालं! तुह्या काकूले रिव्हर्स कुठं येते अजून?" मग रंगाचं कारण आलं, छताचं कारण आलं, आणि प्रत्येक निरोपाला आमच्याकडे पेढे. काकूंना पक्कं लायसन्स मिळायच्या आठवड्यात शोरूममधून फोन आला, "सर, गाडी निघाली." काका म्हणाले, "चहा पिऊ द्या डायवरले. घाई नोका करू."

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, ट्रकवरून गाडी उतरली. गाव लोटलं होतं. बैलांच्या खांद्यांना लावायचं हळद-लोणी काकूंनी गाडीलाही लावलं. काका पुढून मागे, मागून पुढे नुसता हात फिरवत होते. तिचा रंग त्यांना किती दिसत होता कोण जाणे, पण चेहरा मात्र उजळून निघाला होता. माझ्याच डोळ्यांना पाणी आलं.

पोळ्याला सकाळी दोघं निघाले. आम्ही महामार्गावरच्या पुलावर जाऊन उभे. लाल गाडी छत उघडून खालून गेली तेव्हा पोरासोरांनी टोप्या उडवल्या, आणि मी घसा बसेपर्यंत ओरडले. आत काय झालं ते दोघांनी परतल्यावर हसत हसत सांगितलं. वावर आलं तसे काका सुटले, "इथं विहीर होती, इथं तूर, इथं तू माही भाकर घेऊन यायची..." काकूंना पुढचा रस्ता दिसेना. पदराने डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. शेवटी त्या ओरडल्या, "चालकाशी बोलू नये!" काका गपकन गप्प झाले. पाच किलोमीटर दोघांपैकी कोणीच बोललं नाही. मग काकूच म्हणाल्या, "बोला आता. सरळ रस्ता हाय."

त्यानंतर दीड वर्ष काका रोज त्या शेजारच्या सीटवर बसून बोलले. शेवटी त्यांना फक्त उजेड कळायचा, तरी आपलं वावर नेमकं कधी आलं ते सांगायचे. गेल्या हिवाळ्यात, झोपेतच गेले.

पुण्याच्या ऑफिसने बोलावलं म्हणून मी निघाले तेव्हा काकू म्हणाल्या, चाल, मेहकरपर्यंत सोडते. खांबावरची पाटी आता नव्हती, नुसते दोन खिळे होते. मी काकांच्या सीटवर बसले आणि पट्टा लावला. घरापासूनचे गतिरोधक मनातल्या मनात मोजत राहिले. फाटा आला तशा काकू रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या,

"बोल माय, काही तरी बोल. बाजूले कोणी बोललं नाही, तं मले गाडी चालवता येत नाही."