गप्प न बसणारं किनेज

पेडण्याच्या आमच्या शाळेत जीवशास्त्र शिकवणारे सर रोज इब्रामपुरातून स्कूटरने येत. बोलता बोलता मध्येच 'कळ्ळें मरे?', म्हणजे 'कळलं ना रे?', असं विचारायची त्यांना सवय, अगदी मुख्याध्यापकांनासुद्धा.

त्या दिवशी मी माझा तास संपवून बारावीच्या वर्गावरून चाललो होतो. सरांनी फळ्यावर पेशी काढली होती.

"हे किनेज नावाचं एन्झाइम. ते प्रथिनांना फॉस्फेट चिकटवतं, मग पेशीला विभागायचा हुकूम मिळतो. काम झालं की त्याने गप्प बसायचं. पण एका माणसाच्या रक्तात ते गप्प बसतच नाही. पांढऱ्या पेशी वाढतच जातात. हा रक्ताचा कॅन्सर, कळ्ळें मरे?"

"कुणाच्या रक्तात, सर?" पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"माझ्या गो."

मी दारात थांबलो. रोज आम्ही शिक्षकांच्या खोलीत एकत्र चहा पीत होतो, आणि मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

सरांनी खिशातून गोळी काढून मुलांना दाखवली. "ही त्या किनेजला अडवते. म्हणून मी इथे उभा आहे." आणि ती त्यांनी पाण्याबरोबर गिळली.

मुलगी रडू लागली.

"रडतेस कशाला? आकृती काढ, परीक्षेला येते."

सगळा वर्ग मान खाली घालून पेशी काढू लागला.