मौनातल्या ऑडिशन

माझी जीभ कापडात धरून डॉक्टरांनी घशात दुर्बीण घातली आणि समोरच्या स्क्रीनवर मला माझे स्वरतंतू दाखवले. चाळीस वर्षं ज्यांच्या जोरावर पोट भरलं, ते दोन पांढरे पट्टे मी पहिल्यांदाच पाहत होते. डाव्या पट्ट्यावर मसुराच्या दाण्याएवढा लाल फुगवटा होता.

“व्होकल कॉर्ड पॉलिप आहे,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे स्वरतंतूवर आलेला मऊ फोड. गळ्यावर सतत जोर पडून तो येतो. तो काढायचा आणि तपासायला पाठवायचा.

मी विचारलं, “गाता येईल ना?”

“बोलता नक्की येईल. गाण्याचं नंतर पाहू.”

मला त्या माणसाचा रागच आला. बोलायचं काय घेऊन बसलात, बोलतं तर सगळं अकोला.

मी अकोल्याला मुलींच्या शाळेत संगीत शिकवायची. निवृत्त झाल्यावर घरी क्लास घेते. आधी तार सप्तकातला सा लागेना, मग सकाळी आवाज फाटायला लागला. मी ज्येष्ठमध चघळत, हळदीचं दूध पीत पाच महिने घालवले. माझ्यासारख्या मास्तरणींनो, आवाज तीन आठवड्यांच्या वर बसला असेल तर ज्येष्ठमध फेका आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. मी शहाणी होते, म्हणून गेले नाही.

ऑपरेशन अमरावतीला झालं. भूल देऊन, तोंडातूनच, बाहेर एक टाकासुद्धा नाही. सात दिवस ॲब्सोल्यूट व्हॉइस रेस्ट सांगितली, म्हणजे संपूर्ण मौन. अकोल्याला घरी मी एकटी, पण दारात दिवसभर विद्यार्थिनी आणि त्यांच्या आया. तिथे मौन कसलं पाळता? म्हणून मुलगी अनघा मला अमरावतीतच तिच्या सासरी घेऊन गेली. मुलीच्या सासरी आईने मुक्काम ठोकणं आमच्या घराण्यात कुणी केलेलं नव्हतं. मी पाटी-पेन्सिल घेऊन, चोरासारखी त्या घरात शिरले.

अनघा आणि जावई सकाळी ऑफिसला जायचे. मग घरात मी आणि अनघाच्या सासूबाई, कुसुमताई. तिवशाकडच्या मोठ्या शेतकरी घरातल्या, मोकळ्या स्वभावाच्या बाई. त्यांना एकच वेड, टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा. तेव्हा ऑडिशन राउंड चालू होते आणि रात्रीचा भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागायचा. त्या तो दोन्ही वेळा बघायच्या आणि दोन्ही वेळा रडायच्या.

“बसा ना ताई, तुमच्याच कामाचं हाय,” असं म्हणून त्यांनी मला सोफ्यावर बसवलं.

माझ्या कामाचं. कपाळ माझं. एक पोरगी यायची. गाण्याआधी दहा मिनिटं तिच्या घरची गोष्ट, आजी आंधळी, शिलाई मशीन, मागे रडकी बासरी. मग ती चार ओळी गायची आणि त्या चार ओळींत सहा वेळा सूर सोडायची. तिन्ही परीक्षकांचे डोळे भरून यायचे. एक खुर्चीवर चढायचा, एक पाया पडायला धावायचा, तिसरी बाई अंगावरचे काटे कॅमेऱ्याला दाखवायची. अहो, काटे आले असतील तर थंडी वाजते का ते बघा. एसी कमी करा.

त्याहून किळस यायची ती मुद्दाम हसवायला आणलेल्या माणसांची. म्हणजे त्यांची नाही, त्यांना आणणाऱ्यांची. एखादा गरीब बेसूर माणूस उभा करायचा, खाली टुणटुण संगीत लावायचं आणि पोट धरून हसायचं. शिकवायची अक्कल नाही, पण फजिती करायला पुढे.

आणि शेजारी कुसुमताई पदराने डोळे पुसून राहिलेल्या. “काय गायली पोट्टी, माय.”

ही बाई माझ्या मुलीची सासू. मी मूग गिळून बसले होते, ते काही नुसतं डॉक्टरांच्या आज्ञेने नाही. पण मला राहवेना. तिसऱ्या दिवशी एका पोराने कोमल निषादाचा असा काही चेंदामेंदा केला की मी कुजबुजले, “गाढवा, तानपुरा ऐक.”

आवाज आलाच नाही, नुसता श्वास. म्हटलं, हे चालतं. चाळीस वर्षं मी स्वतः मुलींना सांगत आले, घसा बसला की बोलू नका, कुजबुजा. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी माझ्या वर्गात सगळ्या मुली कुजबुजत असायच्या. मग काय, मी रोज दुपारी पोटभर कुजबुजले. परीक्षकांना कुजबुजले, निवेदकाला कुजबुजले, एकदा तर कुसुमताई चहा ठेवायला उठल्या तेव्हा त्यांच्या पाठीलाही कुजबुजले, “कानात बोळे घातलेत का बाईने.”

आठव्या दिवशी तपासणी होती. अनघाला रजा मिळाली नाही, कुसुमताई माझ्यासोबत ऑटोने आल्या. बायोप्सीचा रिपोर्ट, म्हणजे काढलेल्या तुकड्याची तपासणी, आला होता. कर्करोग नव्हता. मी हात जोडले. मग डॉक्टरांनी दुर्बीण घातली आणि त्यांचा चेहरा उतरला.

“सूज आहे. लालही झालंय. बोललात?”

मी पाटीवर लिहिलं, ‘एक शब्द नाही.’

“डॉक्टर साहेब,” कुसुमताई म्हणाल्या, “त्या बोलत नाईत. पन टीव्हीले शिव्या देतात. हळू हळू. मलेही देतात.”

धरणी दुभंगती तर बरं झालं असतं.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, “कुजबुज बोलण्यापेक्षा वाईट असते. तुम्ही स्वरतंतू आवळून धरता. आणि गाणाऱ्या माणसाचा गळा दुसऱ्याचं गाणं ऐकतानाही आवळतो. टीव्ही बंद. आणखी दोन आठवडे मौन. या वेळी चुकलात तर गाण्याचं मला विचारू नका.”

हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. कुजबुजू नका. खाकरू नका. मी मुलींना जे शिकवलं ते चूक होतं, आणि किती गळ्यांना मी ते सांगितलं याचा हिशेब माझ्याकडे नाही.

परत येताना मी ऑटोत पाटीवर लिहिलं, ‘माफ करा.’ कुसुमताईंनी चष्मा लावून वाचलं. “माफ कायचं, ताई? मले गान्यातलं समजतच नाई. तुमी खरंच बोल्ल्या.” एवढं म्हणून त्या बाहेर बघत बसल्या. त्यांना लागलं होतं. मला ते दिसत होतं आणि तोंडाने काही म्हणता येत नव्हतं.

त्या दिवसापासून त्यांनी घरात टीव्ही लावला नाही. स्पर्धा भरात आलेली, ऑडिशनचे शेवटचे दिवस, आणि ही बाई रोज चप्पल घालून शेजारणीकडे जायची, बघून यायची आणि माझ्यासमोर बसून सांगायची. गाणं वगळून.

“आज एक पोट्टी आली होती. हात असे थरथर करून राहिले होते तिचे. माईक दोन्ही हातांनी धरला तरी थरथर थांबेना. तिले अर्ध्यातच थांबवलं. तं ते पोट्टी म्हने, सर, पुढचं कडवं मले चांगलं येते, ते म्हनू का? कोनी म्हनूच देलं नाई तिले. काहून नाई म्हनू देलं, ताई? दोन मिन्टाचा तं सवाल होता.”

अकोला, बार्शीटाकळी, तालुक्याच्या कितीतरी शाळांत मी परीक्षक म्हणून गेले आहे. सूर सुटला की दुसऱ्या ओळीला हात वर करायची. पुढे कोण, म्हणायची. पुढचं कडवं कोणाला चांगलं येत होतं, हे मी एकदाही विचारलेलं नाही. मी टीव्हीवरच्या त्या चमकत्या जॅकेटवाल्या परीक्षकांपेक्षा वेगळी होते ती एवढ्यापुरतीच, की मी खोटी रडत नव्हते.

म्हणून ते परीक्षक मला आवडायला लागले असं कोणी समजू नये. ते थोतांडच आहे. पण कुसुमताई जे सांगायच्या ते थोतांड नव्हतं. मी ऐकत होते आणि माझा गळा सैल होता.

दोन आठवड्यांनी सूज उतरली. मग व्हॉइस थेरपी, म्हणजे बोलायला नव्याने शिकणं. पाच मिनिटं, दहा मिनिटं, ओठ मिटून गुणगुण. स्वतःचा आवाज ऐकून मला रडू आलं. जाड, खालचा, कुणा परक्या बाईचा. डॉक्टर म्हणाले, तार सप्तकाची आशा धरू नका. मध्यातलं बहुधा येईल. गाऊन बघा, पण पाच मिनिटांच्या वर नाही.

घरी आल्यावर मी कुसुमताईंना म्हटलं, “बसा. ऐका.”

त्या मांडी घालून समोर बसल्या. जगातल्या प्रत्येक बेसूर पोरासाठी रडलेली बाई. मनात म्हटलं, ही आता पदर डोळ्यांना लावणार आणि मला त्याची कीव येणार. मी एक साधं भजन धरलं. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत पंचमावर आवाज फाटला, मी तो ओढून ताणून पुरा केला आणि थांबले.

कुसुमताईंचे डोळे कोरडे होते.

“नाई जमलं, ताई,” त्या म्हणाल्या. “मधात फाटलं. मले समजलं म्हंजे लयच फाटलं असन.”

चाळीस वर्षांत मला हे तोंडावर कोणी सांगितलं नव्हतं. राग नाकाच्या शेंड्यावर आला. उत्तरही तयार होतं जिभेवर.

“पुढचं कडवं येते का?” त्यांनी विचारलं. “मंग ते म्हना. मी बसली हाय.”

मी पट्टी दोन सूर खाली घेतली आणि पुढचं कडवं म्हटलं.