शाळूतलं शूटिंग आणि माझा अंगठा

माझं अक्षर वेडंवाकडं आहे. शुद्धलेखनाच्या चुका निघतील, त्याबद्दल माफी मागते. शाळा चौथीत सुटली. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागायची सवय जात नाही. पण खाली जे लिहिलंय त्याची माफी मागणार नाही.

बापूसाहेबांनी माझा अंगठा धरला. शाईत दाबला, कागदावर दाबला. मग रुमालानं स्वतःची बोटं पुसली. त्यांच्या बोटांना शाई लागलीच नव्हती.

बापूसाहेब आमच्या गावचे इनामदार. त्यांच्या वाड्याचा सोपा माणसांनी भरला होता. कोल्हापुरातनं सिनेमावाले आले होते. मागं जोतिबाचा डोंगर, पुढं शाळू ज्वारीचं उभं पीक, असं त्यांना हवं होतं. डोंगर नीट दिसायचा तो माझ्याच दीड एकरातनं. बाकीच्या शेतमालकांना खुर्च्या दिल्या, चहा दिला, परवानगी विचारली. मी दाराशी उभी. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, शेत माझ्या नावावर. मला कुणी विचारलं नाही. सिनेमावाल्यांचा मॅनेजर एवढंच म्हणाला, "बाईंचा अंगठा घ्या."

"सही येती काय हिला?" कुणीतरी म्हणालं.

"हिला?" बापूसाहेब हसले. "शेळी हाय ती. बें सुदीक करत न्हाय."

सगळे हसले. मीही खाली बघून हसले. ते हसू मला अजून बोचतं.

मॅनेजर डोंगर बघायला बाहेर गेल्यावर बापूसाहेबांनी कागद वाचून दाखवला. शूटिंग झालं की पिकाच्या नुकसानीचे साठ रुपये बाईला देऊ. कागद माझ्या डोळ्यांपुढं होता. त्यावर लिहिलं होतं, 'साठ रुपये बापूसाहेबांचे हस्ते मिळाले. तक्रार नाही.' मी वाचलं. दोनदा वाचलं. पदर दातात धरला आणि अंगठा पुढं केला. भरल्या सोप्यात विधवेनं इनामदाराला खोटं पाडायचं?

तीन दिवस शूटिंग चाललं. नटी शाळूतनं पळायची, तिच्यामागं बैलगाडी. मनासारखं झालं नाही की पुन्हा. भरलेली कणसं चाकाखाली. सासूबाई बांधावर बसून बघत होत्या.

पैसे मागायला गेले. "कंपनीनं बुडिवलं बघ," बापूसाहेब म्हणाले. "मी काय करू?"

त्या साली घरात शाळूचा दाणा आला नाही. मी बापूसाहेबांच्याच उसात पाला काढायला गेले. पात्यानं हात चिरायचे. प्रत्येक चिरेला मी मनात तो कागद वाचायचे. मला त्यांचं तोंड काळं झालेलं बघायचं होतं. चारचौघांत. त्यांच्याच सोप्यात.

पुढच्या साली मॅनेजर पुन्हा आला. काढलेली फिल्म खराब झाली होती. तोच डोंगर, तसाच शाळू पाहिजे होता. मला बोलावणं आलं. या खेपेला दाराशी थांबले नाही. आत जाऊन घोंगड्यावर बसले.

"काय गं, औंदा नटीसंगं तू बी पळणार काय?" बापूसाहेब म्हणाले.

"गेल्या सालचा कागद काढा," मी मॅनेजरला म्हणाले. आवाज फाटला, पण निघाला. "बापूसाहेब, वाचा."

त्यांनी तेच वाचलं. शूटिंग झालं की साठ रुपये देऊ.

"तसं न्हाय लिवलेलं."

मी कागद त्यांच्या हातातनं घेतला. अडखळत वाचला, पण अक्षर न् अक्षर वाचला. 'हस्ते मिळाले' या शब्दांवर बोट ठेवून कागद मॅनेजरपुढं धरला.

"म्हणजे आम्ही दिलेले पैसे बाईंना पोचलेच नाहीत?" मॅनेजर म्हणाला.

"देणारच हुतो की," बापूसाहेब म्हणाले. "कुठं पळून चाललोय?"

"मग द्या. हितंच."

ते आत गेले. नोटा आणून घोंगड्यावर टाकल्या.

"हातात द्या."

हातात दिल्या. मी मोजल्या.

मॅनेजरचा जीव भांड्यात पडला. त्यानं नवा कागद पुढं केला, शाईची डबी सरकवली. मी डबी बाजूला सारली, त्याच्या खिशातलं पेन मागितलं. कागद उलटा केला आणि लिहिलं, 'यंदा परवानगी नाही. शाळू उद्या काढणार. मागच्या सालचे साठ रुपये आज पूर्ण मिळाले.' खाली माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव.

कागद बापूसाहेबांपुढं धरला.

"वाचा. मोठ्यानं."

या वेळी त्यांनी बरोबर वाचलं. साठ रुपये पूर्ण मिळाले, हे भरल्या सोप्यानं त्यांच्याच तोंडून ऐकलं.