सोनं द्यायला गेलेली फियाट

मी ठिबकच्या नळ्या विकणारा माणूस आहे. दुकान पांढुर्ण्याला, घर सौंसरला. पाणी पुढे जात नसेल तर कुठेतरी कचरा अडकलेला असतो, नाहीतर गळती असते. इतकी वर्षं मी एवढ्याच शास्त्रावर पोट भरलं. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहाचा कप उचलून दुसरीकडे जायचो. लोकांच्या अशा अनुभवांचं हे सदर माझी बायको वाचते, आणि त्यावरून मी तिला चिडवायचो. आज मीच लिहायला बसलोय, कारण ही गोष्ट घरात बोलता येत नाही. घरात सगळ्यांना वाटतं की मी एक चांगलं काम केलं. मी ते केलेलं नाही.

आमच्याकडे एक फियाट आहे, क्रीम रंगाची. माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, यांनी संत्र्याच्या एका चांगल्या हंगामानंतर ती नागपूरहून कोरी आणली. त्यांनी मोठ्या आईला कबूल केलं होतं की यंदा दसऱ्याला हिच्यातच रामाकोन्याला जायचं, तुझ्या माहेरी, तुझ्या भावाला सोनं द्यायला. पण दसऱ्याच्या आधीच ते गेले. छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. त्यांना मूलबाळ नव्हतं. मोठी आई आमच्याकडेच राहिली, आणि गाडीही. मीटरवर नागपूर ते सौंसर आणि गावातल्या दोन-चार चकरा, बस्स.

सुरुवातीला दुःखामुळे कुणी चालवली नाही. पुढे मी चालवू दिली नाही.

कारण नागपूरचे एक हौशी गृहस्थ ती पाहून गेले होते. जुन्या गाड्यांचे मोठे जाणकार. सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक, मूळ टायर, मूळ काचा... ते गाडीभोवती देवळात फिरावं तसे फिरले. जाताना म्हणाले, "चालवली तर ती फियाट. नाही चालवली तर असा नग दुसरा सापडायचा नाही." ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. छिंदवाड्याहून, नागपूरहून लोक फोटो काढायला यायला लागले. सौंसरमध्ये मला 'फियाटवाले' म्हणायला लागले. खरं सांगतो, मला ते आवडायचं.

दसऱ्याला सगळे गाडीची पूजा करतात, चाकाखाली लिंबू ठेवतात आणि गाडी सुरू करून ते चिरडतात. आमच्याकडे गाडी सुरू व्हायची नाही. बॅटरी काढून फळीवर ठेवलेली. आम्ही घरचे सगळे मिळून मागून लोटायचो, लिंबू फुटेल एवढीच, हातभर. मग परत मागे ओढायचो. शेजारचे रामभाऊ दरवर्षी फाटकावर उभे राहून म्हणायचे, "बैल तरी पोळ्याले गावात हिंडून येते बापा. हिच्या नशिबी थेबी नाही."

मोठी आई तेव्हा ओट्यावर बसलेली असायची. ती हसायची नाही.

ज्या दसऱ्याची ही गोष्ट, त्या सकाळी तिनं मला बोलावलं. तिला आताशा श्वास लागत होता, दोन वाक्यांत थांबावं लागायचं.

"दिनू, यंदा नेतं का मले रामाकोन्याले?"

"माझ्या गाडीत चाल ना, मोठी आई. एसी हाये, तुले दम नाही लागणार."

"तुझ्या गाडीत जायचं असतं तं कवाच गेली असती. थे याच गाडीत नेतो म्हणत होते."

मी म्हणालो, पुढच्या वर्षी पाहू. हे मी दरवर्षी म्हणायचो. ती जराही न रागावता म्हणाली, "मीटर वाढते, नाही का?"

मी चाकांपुढे ठेवायची लिंबं आणायला उठलो.

दुपारी जेवणं झाली. बायको माहेरी सोनं द्यायला गेली. मोठी आई आत पडली होती. संध्याकाळच्या पूजेआधी सीटवरचं प्लास्टिक पुसून घ्यावं म्हणून मी टिनाच्या शेडमध्ये गेलो. चाकांपुढे लिंबं सकाळीच ठेवली होती. गाडीवरचं कापडी कव्हर एका बाजूनं उचललं, मागचं दार उघडून आत बसलो. दार माझ्यामागे लागलं आणि कव्हर वरून खाली पडलं.

पुसून झाल्यावर दार उघडायला गेलो, तर उघडेना. दुसऱ्या बाजूचंही नाही. पुढे वाकून पुढची दोन्ही पाहिली... तीही नाहीत. काच खाली करायची मूठ फिरत होती, काच हलत नव्हती. जुनी गाडी, रबर चिकटलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. हॉर्न दाबला, पण बॅटरी फळीवर. मोबाइल घरात चार्जिंगला. मोठ्या आईला हाका मारल्या. वर कव्हर, वर टिन, आणि बंद काचा. माझाच आवाज माझ्याकडे परत येत होता.

घाम डोळ्यांत उतरायला लागला. सीटखाली पान्यांची पिशवी होती. मी मोठा पाना काढला, काचेवर उगारला... आणि मारला नाही. काच मूळची होती. ती फुटली की संपलं. तुम्ही हसाल. पण जीव गुदमरत असताना मी मांडीवर पाना घेऊन त्या काचेचा विचार करत बसलो होतो.

मग उजेड बदलायला लागला. कव्हरमधून येणारा पिवळा उजेड जायचा, यायचा, परत जायचा. झाडांच्या सावलीतून जाताना होतो तसा. पुढच्या सीटचं प्लास्टिक चुरचुरलं. पोकळ घुमल्यासारखा आवाज झाला, पुलावरून गाडी जाते तसा. मी स्वतःशी म्हणालो, गरमीनं चक्कर येऊन राहिली आहे. पाना केव्हाच हातातून पडला होता. मी दोन्ही तळव्यांनी काच बडवत राहिलो, ओरडत राहिलो. बाहेर माणसं असल्यासारखं वाटत होतं. कुणी दार उघडलं नाही.

त्यानंतरचं नीट आठवत नाही. भान आलं तेव्हा दार उघडं होतं आणि मी सीटच्या कडेला, शेडच्या जमिनीवर पाय टाकून बसलो होतो. बाहेर उन्हं उतरली होती. उघड्या दारापुरतं सोडलं तर कव्हर जिथल्या तिथे. चारही लिंबं साबूत. मी वाकून मीटर पाहिलं. आकडा तोच होता. मला हायसं वाटलं, हेही लिहायलाच पाहिजे.

मोठी आई ओट्यावर बसली होती. अंगावर ठेवणीतलं लुगडं, पायात चपला, पदरात आपट्याची पानं. श्वास लागत नव्हता. मला जवळ बोलावून तिनं पानं हातात दिली, गालावरून हात फिरवला.

"जीव निवला माहा," ती म्हणाली. "पण तू मागं कायले बसला होता रे?"

मला वाटलं, म्हातारीला स्वप्न पडलं. तेवढ्यात फोन वाजला. रामाकोन्याचे मामा, म्हणजे तिचे धाकटे भाऊ. आवाजात आनंद मावत नव्हता. ताई आली, इतक्या वर्षांनी उंबऱ्यात पाय ठेवला, सोनं दिलं, तुझ्या मामीच्या गळ्यात पडून रडली... मग माझी खेचायला लागले.

"तू मोठा सायेब झाला गा. फियाटमधून उतरला नाही. तुही मामी चहा घेऊन काचेपाशी उभी, तं तू आतूनच हात हलवून राहिला. आमीबी हलवले. पोट्टे तं लय खूश झाले."

मी "हो मामा" म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? गाडी कोण चालवत होतं, हे मी विचारलं नाही. आजपर्यंत विचारलेलं नाही.

फोन ठेवून परत शेडमध्ये गेलो आणि कव्हर पूर्ण काढलं. मागच्या काचेवर आतून माझ्या घामेजल्या तळव्यांचे डाग होते. ते समजू शकत होतो. पण बाहेरून, बरोबर त्यांच्यावर, धुळीत उमटलेले लहान लहान तळवे होते. माझ्या तळव्याला तळवा लावून पोरं खेळावीत तसे. आमच्या घरात लहान मूल नाही. शेडला कुलूप असतं, किल्ली माझ्याच खिशात; आणि मी आत होतो तेवढा वेळ काचेवर कव्हर होतं.

दिवाळीला मी मिस्त्रीला बोलावलं, बॅटरी लावली, तेल-पेट्रोल भरलं. इंजिन लागलं तेव्हा रामभाऊ फाटकावरून टाळ्या वाजवत होते. मी मोठ्या आईपुढे जाऊन उभा राहिलो. म्हणालो, चाल, रामाकोन्याले नेतो.

"एकदा नेलं ना. आता कायले मीटर वाढवतं?"

तिच्या बोलण्यात टोमणा होता की खरंच माझी काळजी, मला कळलं नाही. आजही कळत नाही. ती येईल-जाईल त्याला सांगते की दिनूनं मला माहेरी नेलं. कुठल्या गाडीत, ते कुणी विचारत नाही; लोक माझी पाठ थोपटतात. खरं सांगावं तर तिचा तो दिवस तिच्याकडून हिसकावून घेतल्यासारखं होईल. नाही सांगितलं तर मी त्याच मागच्या सीटवर बसलेला आहे.

नागपूरचे ते गृहस्थ मध्यंतरी येऊन गेले. मीटर पाहून खूश झाले. एवढंच म्हणाले की मागची काच घाण झाली आहे, पुसून घ्या. मी फडकं घेऊन गेलोही होतो. त्या लहान तळव्यांसमोर उभा राहिलो आणि तसाच परत आलो.

नळीत पाणी का अडतं, ते मी सांगू शकतो. हे काय होतं, ते मला सांगता येत नाही. रामाकोन्याची पोरं मात्र अजून मामांना विचारतात म्हणे, तो गाडीतला हात हलवणारा काका परत कधी येणार?