कणीकबर्गर, पावाशिवाय

विलोडीनच्या हातचा बर्गर खाल्ला नाही असं माणूस त्या गावात शोधून सापडलं नसतं. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या वरच्या अंगाला, कापसाची शेतं मागे पडून सोफ्यांचे कारखाने लागतात तिथे, रेल्वेच्या फाटकाजवळ तिचं दुकान. दुकान कसलं, एक लांबट खोली, एक काळाकुट्ट तवा, एक काउंटर आणि त्याच्यापुढे गोल फिरणारी स्टुलं. बापाने घातलेलं, बापामागे तिने चालवलेलं. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. मग तिने सगळं गावच एप्रनखाली घेतलं. दारातून कुणी आत आलं आणि न खाता गेलं, की तिला दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं होई.

तिचा बर्गर म्हणजे कणीकबर्गर. लहानथोर सगळे त्याला हेच म्हणत. बापाच्या वेळी दिवस वाईट होते, मांस थोडं आणि खाणारी तोंडं फार. त्याने खिम्यात पीठ मळलं, पातळ टिक्क्या थापल्या आणि चरबीत तळल्या. पुढे दिवस पालटले, पण तोवर जिभा बिघडल्या होत्या. कड कुरकुरीत, आत मऊ, वर मोहरीची चटणी, कांदा आणि काकडीचं लोणचं, खाली-वर मऊ पाव. नुसत्या मांसाचा बर्गर हमरस्त्यावर मिळायचा. तो परगावच्या लोकांसाठी, ज्यांना कुणी चांगलं खायला घातलेलं नसतं त्यांच्यासाठी, असं विलोडीनचं मत.

आल्यागेल्याला ती लाडाने ‘माझ्या साखरे’ म्हणायची. शेरीफ आला तरी तेच, पाद्री आला तरी तेच. तिचा पाठचा भाऊ हॉइट याला मात्र त्या उन्हाळ्यात तिने तसं म्हणायचं सोडलं, कारण डॉक्टरांना त्याच्या रक्तात साखर सापडली होती.

हा हॉइट तिने वाढवलेला. आई गेली तेव्हा तो रांगत होता. मोठा होऊन शाळेची पिवळी बस चालवायला लागला आणि त्यातच रमला. ज्यांना शाळेत नेलं त्यांची पोरंही आता त्याच्याच बसमध्ये बसत. कुठलं पोर कुठल्या वळणावर ओकतं, कुठल्या घरचा कुत्रा चाकांमागे धावतो, सगळं त्याला ठाऊक. डॉक्टर म्हणाले, “शाळा उघडेपर्यंत साखर खाली आली नाही, तर इन्सुलिनची सुई सुरू करावी लागेल.” आणि तिथल्या शाळेचा नियम असा, की सुईवर गेलेल्या माणसाच्या हाती बस द्यायची नाही. डॉक्टरांच्या माणसांनी बजावून सांगितलं: पाव बंद, बटाटा बंद, भात बंद, गोड बंद. मांस खा, अंडी खा, पालेभाजी खा.

हॉइटने खरंच सगळं सोडलं. बर्फातला गोड चहासुद्धा सोडला, आणि त्या मुलखात तो सोडणं म्हणजे धर्म सोडण्यासारखंच. दुपारचं जेवण तेवढं बहिणीकडे.

“ताई, पाव नको,” पहिल्या दिवशी तो म्हणाला.

“पाव बंद झालाय, टिक्की नाही ना बंद झाली?” विलोडीनने ताटलीत एकाऐवजी तीन टिक्क्या वाढल्या. “पाव नाही तर पोटाला आधार कशाचा? खा. मांसच आहे.”

उन्हाळाभर हेच चाललं. रोज तीन टिक्क्या, वर कांदा, लोणचं, मोहरी. पावाचा तुकडाही नाही. आणि मधे एकदा रक्त तपासलं तर साखर खाली यायची सोडून वर गेलेली.

त्याची बायको जोनेल सोफ्यांच्या कारखान्यात खोळी शिवायची. सुटी झाल्यावर ती तशीच दुकानात आली, बाह्यांना धागे चिकटलेले. हॉइट तिथेच बसला होता, पण ती बोलली ती नणंदेशी.

“विलोडीनताई, खरं सांगा. इथे केक खातो का हा?”

“माझ्यादेखत? हात मोडीन त्याचा.”

“मग साखर वर जाते कशी? आभाळातून पडते?”

“जोनेल, मी इथेच बसलोय,” हॉइट म्हणाला.

“तू गप्प बस. तुझ्याशी मी घरी बोलेन.”

“घरी कुठे बोलतेस? घरी तू कुत्र्याशी बोलतेस आणि मला ऐकवतेस.”

“कुत्रा खोटं तरी बोलत नाही!” असं म्हणून ती निघून गेली. त्या दिवसापासून ती पाहुण्यांच्या खोलीत झोपायला लागली.

भांडणं काय, कुणाच्याही घरात होतात. पण विलोडीनच्याही मनात पाल चुकचुकली. रक्त काय खोटं बोलतं? हा नक्की कुठेतरी चोरून खात असणार. दुसऱ्या दिवशी हॉइट हात धुवायला मागे गेला तशी ती बाहेर गेली आणि त्याची गाडी धुंडाळायला लागली. सीटखाली हात घातला, पुढचा खण उघडला. स्क्रू मिळाले, चर्चमधला जुना हातपंखा मिळाला, कुणा पोराचा बुटाचा नाडा मिळाला. गोळीचा कागददेखील नाही. मान वर केली तर हॉइट दारात उभा, ओले हात तसेच.

“ताई, तू पण?”

“मी आपली... खिडकीची काच वर करत होते. पाऊस आला तर?”

त्याने आभाळाकडे पाहिलं. ढगाचा पत्ता नव्हता. तो गाडीत बसला आणि गेला. त्या दुपारी तो जेवलाच नाही, आणि विलोडीनच्या हातून सारखं काहीतरी करपत राहिलं.

शाळा उघडायला थोडेच दिवस उरले तेव्हा डॉक्टरांनी त्याला दवाखान्यातल्या ट्रूडीबाईंकडे पाठवलं. रोग्यांना काय खावं, काय खाऊ नये ते सांगायला नेमलेली ही बाई मिनेसोटाकडून, पार उत्तरेकडून नवीन आलेली. जोनेल म्हणाली, “त्याचं खोटं ऐकायला मी अर्धा दिवस बुडवणार नाही.” तेव्हा विलोडीनच भावाबरोबर गेली. भर आठवड्यात दुकान बंद दिसल्यावर गावात कुणीतरी वारल्याची बातमी पसरली आणि फुलवाल्याकडे दोघांनी अंत्यविधीच्या फुलांची चौकशीही केली.

ट्रूडीबाई चेहऱ्याने बऱ्या होत्या. समोर कागद घेऊन विचारू लागल्या.

“सकाळी काय खाता?”

“अंडी. पाव नाही.”

“रात्री?”

“कोंबडी, पालेभाजी. पाव नाही.”

“आणि दुपारी?”

“ताईचे कणीकबर्गर. तीन. पाव नाही.”

बाईंचं पेन थांबलं. “कसले बर्गर म्हणालात?”

“कणीकबर्गर.”

“असं का म्हणतात त्याला?”

हॉइट आणि विलोडीन एकमेकांकडे बघत राहिले. आभाळाला आभाळ का म्हणतात असं कुणी विचारावं, तसा तो प्रश्न.

“नाव आहे ते, बाई,” विलोडीन म्हणाली. “मांसच असतं.”

“नुसतं मांस?”

“मांस, मीठ, मिरी, आणि...” सांगता सांगता तिचे हात मांडीवरून उठले आणि आपोआप त्यांची ओंजळ झाली. रोज पहाटे परातीत पीठ टाकताना होते तशी, काठोकाठ. एक ओंजळ, मग दुसरी, मग अंदाजाने वरून थोडं. दुसऱ्या ओंजळीला हात हवेतच थांबले.

भिंतीवरचं गार हवेचं यंत्र तेवढं घरघरत होतं.

ट्रूडीबाईंनी कागद बाजूला ठेवला. “पीठ पोटात गेलं की त्याची साखरच होते. मग ते पावातून जावो नाहीतर टिक्कीतून,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “तीन टिक्क्यांत मिळून, मला वाटतं, सोडलेल्या पावापेक्षा जास्तच पीठ जात असेल. वर तळणीची चरबी. मांसातलं जे चांगलं, ते त्यात निम्म्यानेच राहिलं.”

“मी एकच देत होते आधी,” विलोडीन म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं. “पाव बंद झाल्यावर तीन केल्या.”

गाडीत बसल्यावर हॉइटने किल्ली लावली, पण फिरवली नाही. मग त्याचे खांदे हलायला लागले. तिला वाटलं रडतोय, तर तो हसत होता, स्टीअरिंगवर डोकं टेकून.

“नावातच आहे, ताई! जन्मभर ओरडून मागतोय आपण, कणीकबर्गर, कणीकबर्गर...”

“हसू नकोस.”

“आणि जोनेल केकची चौकशी करत फिरते!”

“हसू नकोस म्हटलं ना! मी तुला खायला घातलं ते. वर तुझी गाडी तपासली.” तिने एप्रनला हात पुसायला खाली नेले, पण आज एप्रन नव्हता. “कारखान्याकडे घे गाडी.”

“कशाला? रात्री सांगू तिला.”

“आत्ता. आणखी एक रात्र ती बाई तुला खोटारडा समजून झोपायला नको.”

कारखान्याच्या फाटकाशी जोनेलला बाहेर बोलावलं. ती घाबरून पळत आली, हातात कात्री तशीच. विलोडीनने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

“तो एक शब्द खोटं बोलला नव्हता. केक नाही, काही नाही. माझी टिक्की होती ती. माझंच पीठ.”

जोनेल ऐकत राहिली. “कणीकबर्गर,” ती हळूच म्हणाली, जणू पहिल्यांदाच तो शब्द तोंडात येतोय. मग एकदम नवऱ्याकडे वळली. “मग सांगायचं नाही का मला, की चोरून खात नाही म्हणून?”

“रोज सांगत होतो!”

“तसं नाही. पटेल असं सांगायचं.” तिने डोळे बाहीला पुसले आणि बाहीवरचा एक धागा गालाला चिकटला. हॉइटने तो काढला. ती म्हणाली, “माझी कंबर शेकायची उशी मी आपल्या खोलीत आणते परत. पाहुण्यांच्या खोलीत झोपच येत नाही.”

दुसऱ्या दिवसापासून विलोडीनने भावासाठी निराळी टिक्की थापायला घेतली. नुसतं मांस. तिच्या हातांना ते ठाऊकच नव्हतं. तव्यावर पडली की टिक्की आकसायची, मधे फुगायची, चरबी सोडून कोरडी व्हायची. हॉइटने पहिला घास चावला, चावला आणि विचारलं, “ताई, हे चामड्याचं पाकीट कुणाचं तळलंस?”

“खा गुमान.”

“खातोय. आत काही सापडलं तर परत करीन.”

शेजारच्या स्टुलावरचा न्हावी म्हणाला, “विलोडीनबाई, मग आमच्या टिक्कीतही पीठ घालू नका.”

“तुला साखर आहे?”

“नाही.”

“मग माझ्या बापाला नावं ठेवू नकोस.”

हॉइटने ती पाकिटं खाल्ली. कोबीच्या पानात गुंडाळून, लोणच्याखाली लपवून, कशीतरी. संध्याकाळी जोनेल त्याला तळ्याभोवती चालवायची आणि चालता चालता कुत्र्याऐवजी त्याच्याशीच बोलायची. शाळा उघडायच्या आधी रक्त तपासलं. साखर खाली आली होती. फार नाही, पण डॉक्टरांनी सुई नको म्हणण्याइतकी. बस हॉइटकडेच राहिली.

शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल. दुपारी दुकान भरलेलं, तव्यावर टिक्क्या चुरचुरत होत्या, कांद्याचा वास रस्त्यापर्यंत गेला होता. हॉइट आपली ताटली संपवून बसला होता आणि तव्याकडे बघत होता.

“ताई,” तो हळूच म्हणाला. “एक घास. कडेचा, कुरकुरीत. एवढासाच.”

विलोडीनने जन्मात कुणाला खायला नाही म्हटलं नव्हतं. दारुडा आला तरी नाही, उधारीवाला आला तरी नाही, आणि हा तर तिच्या कडेवर वाढलेला. तिचं उलथणं आपसूक टिक्कीच्या कडेखाली गेलं. कड मोडलीसुद्धा, सोनेरी, तेलाने चकाकणारी. तिने क्षणभर ती उलथण्यावर धरली आणि मग न्हाव्याच्या ताटलीत टाकली.

“नाही.”

“एवढासाच ग, ताई.”

“नाही म्हटलं ना. ऊठ, बस चुकेल तुझी.”

“बस मीच चालवतो. मला कशी चुकेल?”

“मग जा आणि चालव.”

हॉइटने टोपी उचलली. तव्याकडे आणखी एकदा पाहिलं आणि बाहेर गेला. थोड्या वेळाने पिवळी बस फाटकावरून खडखडत गेली. विलोडीन पाठ फिरवून तवा खरवडत होती, जोरजोरात, पुन्हा पुन्हा त्याच जागी.

“विलोडीनबाई,” न्हावी म्हणाला, “तवा स्वच्छ आहे.”

“तुला कुणी विचारलं?”