बुडबुडे जाईपर्यंत

आमच्या साडूंइतका सुखी माणूस उभ्या मावळात दुसरा सापडणार नाही, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. आणि हे सुख त्यांनी बोटाएवढ्या चार नळ्यांत तेल भरून मिळवलं आहे. त्या नळ्या म्हणजे रिमोटवर पळणाऱ्या एका छोट्या गाडीचे शॉकअप. तळेगावात पोरांना भूगोल शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ दर आठवड्याला ते चारही शॉकअप खोलतात, पुसतात, नवं तेल भरतात आणि परत बांधतात. गाडी मुळात माझ्या मुलाच्या वाढदिवसासाठी आणलेली. देण्याआधी एकदा तपासावी म्हणून त्यांनी खोका उघडला, तर मागच्या शॉकअपला तेलाचा थेंब दिसला. "असली गाडी पोराला द्यायची नाही," असं म्हणून त्यांनी ती ठेवून घेतली. पोरगा आता नोकरीला लागला. गाडीची तपासणी अजून चालू आहे.

कामाची जागा जेवणाचं टेबल. त्यावर धुतलेला पंचा अंथरायचा, स्प्रिंगा एका वाटीत, रबराच्या रिंगा दुसरीत, आणि जुनं काळं तेल तिसरीत. वाट्या अर्थातच ताईंच्या. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, या गृहस्थांच्या संसारातला खरा शॉकअप. तेल भरल्यावर नळ्या उघड्या तोंडाने उभ्या ठेवाव्या लागतात, आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी वर येऊन निघून जावी म्हणून. त्यासाठी साडूंनी न्हाणीघरातलं दात घासायच्या ब्रशांचं स्टँड जप्त केलं आहे. एकदा मुक्कामाला असताना मी सवयीने माझा ब्रश त्यात खोचला, तो नेमका एका उघड्या नळीत. साडूंनी तो अलगद उचलला, दांडीवरचं तेल निथळू दिलं आणि मला म्हणाले, "साडूभाऊ, यात आता तुमची टूथपेस्ट उतरली. पुन्हा पहिल्यापासून करावं लागणार." माझ्या दातांचं काय, हे त्यांनी विचारलं नाही.

बुडबुडे जाईपर्यंत घरात मिक्सर लावायचा नाही, पाय आपटायचे नाहीत, कुकरची शिट्टी तर मुळीच नको. बाहेरून आलेल्याला वाटावं, आत बाळ झोपलं आहे. ताई हळू आवाजात मला सांगायच्या, "यांचे बुडबुडे गेले की चटणी वाटते. तोवर पोळी नुसती खा." मग नळीला टोपण लागायचं, साडू शॉकअप कानाशी धरून हलकेच दाबायचे, आणि आत राहिलेल्या हवेचा पचकन आवाज आला की तो पुन्हा खोलायचे. ही सवय रस्त्यावरही सुटत नाही. माझ्या गाडीत बसले की प्रत्येक गतिरोधकावर शेरा मारतात. "मागचा डावा गेलाय तुमचा," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की मला ते माझ्या तब्येतीबद्दल वाटू लागलं आहे.

भाताची झोडणी संपली की मात्र त्यांचा सण असतो. वडिवळ्यात ज्या आबांकडून आम्ही दोन्ही घरं इंद्रायणी तांदूळ घेतो, त्यांच्या मोकळ्या खळ्यात साडू गाडी पळवतात आणि बांधावरून उडवतात. आबा गुडघ्यावर हात ठेवून बघतात. "सर, मांजरावानी उतरती ओ," असं ते म्हणाले की साडू त्यांना तेलाचा घट्टपणा समजावून सांगतात. आबांना ते पाठ झालं असावं, पण दर वर्षी नव्याने ऐकतात.

यंदा खळी मोकळी झाली तरी साडूंचा फोन आला नाही. मी लोणावळ्याहून एकटाच तांदूळ आणायला गेलो, तर आबांनी विचारलं, "सर आलं न्हाईत व्हय? म्या खळं तसंच ठिवलंय त्येंच्यासाठी." मी तांदूळ घेऊन थेट तळेगाव गाठलं.

टेबलावर पंचा होता, स्टँड होतं, नळ्या कोरड्या होत्या. "रिंगा यायच्यात अजून," साडू म्हणाले. रिंगांचं पाकीट समोर उघडं पडलं होतं. मी ते त्यांच्याकडे सरकवलं. मग त्यांनीच शॉकअपच्या दांडीवर पिस्टन चढवला आणि तो अडकवणारी, मेथीच्या दाण्याएवढी क्लिप चिमट्यात धरली. हात थरथरला आणि क्लिप खाली गेली. आम्ही दोघांनी फरशीवर वाकून ती शोधली. ती पुन्हा निसटली. "डॉक्टर म्हणतात, हे आता राहणार," ते उजव्या हाताकडे बघत म्हणाले. "गाडी घेऊन जा साडूभाऊ. तुमच्या मुलाचीच आहे."

इतकी वर्षं या गाडीवरून त्यांची थट्टा केली, पण ती अशी परत मिळावी असं कधी वाटलं नव्हतं.

ताई पलीकडे फुलवाती वळत बसल्या होत्या. त्यांनी पदराला बोटं पुसली, खुर्ची ओढली आणि क्लिप उचलली. "तपासणी कुठे झालीय अजून?" त्या म्हणाल्या. "असली गाडी पोराला द्यायची नाही." वातीचं टोक वळावं तशी त्यांनी क्लिप दाबली आणि ती बसली. साडू बघत राहिले. मग म्हणाले, "रिंगेला आधी तेल लाव."

"माहितेय. ऐकून ऐकून कान किटलेत."

तेल भरून नळ्या स्टँडमध्ये उभ्या राहिल्या. एवढ्यात कुकर फुसफुसू लागला, तर ताईंनीच उठून गॅस बंद केला. त्या दिवशी वरण जरा कच्चंच राहिलं, पण आम्ही तिघांनी ते मुकाट्याने खाल्लं.

पुढच्या रविवारी वडिवळ्यात गाडी बांधावरून उडाली आणि उतरली. आबा म्हणाले, "सर, आज लय मऊ उतरली." मी तेलाच्या व्याख्यानाची तयारी ठेवली होती.

"हिने बांधलेत," साडू म्हणाले, आणि रिमोट ताईंच्या हातात दिला.

परतताना कामशेतच्या अलीकडे एका गतिरोधकावर माझी गाडी चांगलीच आदळली. मी शेऱ्याची वाट पाहिली. मागून काहीच आलं नाही. आरशात बघितलं, तर साडूंचा उजवा हात ताईंनी मांडीवर घेतला होता आणि त्याला लागलेलं तेल त्या पदराने पुसत होत्या. पुढचा गतिरोधक मी अगदी हळू ओलांडला.