आभारप्रदर्शनाची संधी

बेटी तुस्कानो या बाईबद्दल श्रीरंग खानोलकरांना खरं म्हणजे फारसं काही माहीत नव्हतं. ती भुईगावची, नवरा गेलेला, मुलगी जीना लग्न करून परदेशी, आणि जीभ धारदार. एवढ्या भांडवलावर कुणाची ओळख सांगायला बसणं म्हणजे उंबऱ्यावरून डोकावून घराचं वर्णन करण्यासारखं. पण जे त्या घरात आतबाहेर करत होते त्यांनी कधी काही सांगितलं नाही. म्हणून हे एवढंच.

त्यांची गाठ पडली ती वसईतल्या एका कॉलेजच्या स्त्री अभ्यास केंद्रात. खानोलकरांनी उभा जन्म मुंबईत विम्याच्या कचेरीत काढला होता. त्यांचं अक्षर चांगलं. शेजारच्या इमारतीत केंद्राच्या प्रमुख सुरुची मॅडम राहत. त्या एकदा जिन्यात म्हणाल्या, "काका, तुमच्या अक्षरासाठी एक छान संधी आहे!" तेव्हापासून केंद्राचा फळा, निमंत्रणं, प्रमाणपत्रांवरची नावं खानोलकर फुकट लिहीत होते. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, आणि तेवढंच त्यांना कधी जमलं नव्हतं.

बेटी तिथे विद्यार्थिनी. वर्गातल्या पोरींच्या आईच्या वयाची. पहिल्याच आठवड्यात ती त्यांच्या टेबलाशी येऊन धापा टाकत बसली.

"सर, मॅडम संधी म्हणाल्या की काय समजायचं?"

"म्हणजे?"

"सकाळी मला म्हणाल्या, बेटीताई, नियोजनाचा अनुभव घ्यायची संधी आहे. तेव्हापासून खुर्च्या वर नेतेय."

खानोलकर हसले. मग कुणी पाहिलं का म्हणून त्यांनी दाराकडे बघितलं.

"व्याकरणातली संधी बरी," बेटी म्हणाली. "दोन अक्षरं जवळ तरी येतात."

केंद्रात कार्यक्रमांना तोटा नव्हता. तोटा होता तो अभ्यासाला. आर्थिक सक्षमीकरण म्हणून मेणबत्त्या झाल्या, त्या जळल्या नाहीत. आरोग्यावर व्याख्यान झालं, वक्त्या गोरं होण्याचं मलम विकून गेल्या. स्वसंरक्षणाच्या कार्यशाळेत एका धिप्पाड मास्तरांनी स्वतःच्या बायकोला चारदा सतरंजीवर आपटलं आणि पोरींनी टाळ्या वाजवल्या. प्रत्येकाचा फोटो निघे, फोटो अहवालात जाई, आणि अहवाल कुठे जाई ते देव जाणे. खानोलकरांना हे काही पटायचं नाही. मग वाटायचं, आपण जुनी माणसं, आपल्याला काय कळतंय. आणि ते पुढचा फळा लिहायला घ्यायचे.

या सगळ्यात बेटीने मात्र खरोखरच अभ्यास केला होता. गावोगाव फिरून तिने लेकींना एकच विचारलं: बापाच्या वाडीवरचा हक्क सोडला तेव्हा तुम्ही सही कुठे बसून केलीत? बहुतेकींचं उत्तर एकच होतं. पानावर. बाप गेल्याला महिना झाला की चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना होते, त्या मिस्साला माहेरी बोलावतात, जेवायला वाढतात, आणि पानाशेजारी कागद येतो. तिचंही तसंच झालं होतं. तिचा उजवा हात खरकटा होता, म्हणून तिने डाव्या हाताने सही केली. वाकडीतिकडी, तिची तिलाच ओळखू येईना. तरी ती चालली. पुढचं नोंदणी कचेरीतलं भाऊ रुडॉल्फच्या ओळखीच्या माणसाने उरकलं. आता त्या वाडीत नारळ कमी आणि तंबू जास्त होते. शनिवार-रविवार मुंबईची माणसं येऊन तिथे पोहायच्या तलावात ओरडत.

"भांडले नाही मी तेव्हा," बेटी म्हणाली होती. "आता भांडायचंही नाही. एकदाच, तो समोर बसलेला असताना, चार माणसांत हे वाचायचंय. बस."

संधी चालून आली. महिला दिनाच्या कार्यक्रमात विद्यार्थिनींचे निबंध वाचायचे ठरले. खानोलकरांनी पत्रिकेवर तिचं नाव जरा जास्तच निगुतीने लिहिलं. आणि मग कळलं की मंडप आणि खाणं रुडॉल्फ दोडती यांच्याकडून आहे.

सुरुची मॅडमनी दुसऱ्या दिवशी बेटीला बोलावलं. खानोलकर टेबलाशीच होते. त्यांना बाहेर जा म्हणायचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"बेटीताई, निबंध फारच सुंदर. पण वेळेचं गणित बसत नाहीये हो. सत्कार वाढलेत."

"कुणाचे?"

"मान्यवरांचे. पण तुमच्यासाठी दुसरी छान संधी आहे. तुमचं ते पारंपरिक लाल लुगडं आहे ना? ते नेसून दारात स्वागताला उभं राहायचं. फोटोत काय रंग येईल! आणि शेवटी आभारप्रदर्शन तुम्ही करा. म्हणजे स्टेजवर बोलणंही झालं."

"करते की," बेटी म्हणाली.

खानोलकरांना तिचा राग आला. एवढी तिखट बाई, आणि इथे शेपूट घातलंन! ते मनातल्या मनात तिला बरंच बोलले.

कार्यक्रमाच्या दिवशी स्टेजमागे स्त्रीशक्तीचा फलक लागला. त्यावर ओळीने सगळे पुरुष, आणि कोपऱ्यात एकच बाई, चित्रातली, केस उडणारी, चेहरा नसलेली. दारात बेटी लाल लुगड्यात गुलाबपाणी शिंपडत होती. पोरी तिच्या शेजारी उभ्या राहून फोटो काढून घेत होत्या, चर्चच्या जत्रेतल्या पुतळ्याशेजारी काढावेत तसे. रुडॉल्फ आला तेव्हा तिने त्याच्यावरही शिंपडलं.

भाषणं झाली. बाई म्हणजे माता, बाई म्हणजे माया, बाई म्हणजे सहनशक्ती, असं एकेक मान्यवर सांगत गेला. रुडॉल्फला शाल पांघरली, मांडीवर श्रीफळ आणि पितळी समई ठेवली. शेवटी निवेदिका म्हणाली, "आता आभारप्रदर्शन," आणि सभागृह उठलं. आभार म्हणजे वड्यांची घंटा, हे सगळ्यांनाच ठाऊक. खुर्च्या करकरल्या. मॅडम पाहुण्यांच्या पाठोपाठ गेल्या. स्टेजवर एकटा रुडॉल्फ राहिला. मांडीवरचं ते सगळं कुठे ठेवावं हे त्याला समजेना.

"सर्वप्रथम," बेटी माईकवर म्हणाली, "श्री. रुडॉल्फ दोडती यांचे आभार. ते माझे धाकटे भाऊ. बाबांच्या मिस्साला त्यांनी मला पोटभर जेवू घातलं. सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. माझा उजवा हात खरकटा होता, तर म्हणाले, बाय, डाव्याने कर, चालते. त्याबद्दल आभार."

दारापाशी कुणीतरी चटणी मागत होतं.

"ती सही आजही चालते. तिच्यावर हॉटेल चालतं. त्याबद्दल आभार. माझ्यासारख्या गावोगावच्या लेकींच्या वतीनेही आभार. त्यांना वेळेच्या गणितामुळे इथे येता आलं नाही."

सगळं तिने वाचलं, निबंधातलं एकही वाक्य न गाळता. प्रत्येक परिच्छेदाला आभाराची शेपटी. ऐकणारे दोघंच: समई सावरत बसलेला रुडॉल्फ, आणि मागच्या रांगेत खानोलकर. शेवटी तिने "जय हिंद" म्हटलं तेव्हा वड्यांच्या रांगेतून सवयीने टाळ्या पडल्या.

मॅडम लगबगीने आल्या. "छान हं बेटीताई! आभार जरासे लांबले फक्त."

रुडॉल्फ खाली उतरला. तो बहिणीशी त्यांच्या घरच्या बोलीत दबक्या आवाजात काही बोलला, तीही बोलली. खानोलकरांना त्यातला 'सही' हा एकच शब्द कळला. रुडॉल्फ शाल खुर्चीवर टाकून निघून गेला.

बेटी त्यानंतर केंद्रात आली नाही. प्रमाणपत्रांची यादी आली तेव्हा तिचं नाव त्यात नव्हतं. उपस्थिती कमी, असं मॅडम म्हणाल्या. पुढे कुणी म्हणालं की ती वकिलाकडे जाते, कुणी म्हणालं जीनाकडे गेली. खानोलकरांनी विचारलं नाही. ते अजून फळा लिहितात.

कार्यक्रमाच्या त्या संध्याकाळी ते फाटकाशी रिक्षाची वाट बघत होते. बेटी लुगड्याचा काष्टा सावरत आली. हातात कागदावर एक वडा.

"सर, तुम्ही खाल्लात?"

"नाही. रांगेत घुसायला जमलं नाही."

"मग हा घ्या. मला पोरींनी आणून दिला, पण मी रुडॉल्फकडचं जेवत नाही."

खानोलकरांनी वडा घेतला.

"चटणी संपली," बेटी म्हणाली. "तसाच खा."

"चालेल," खानोलकर म्हणाले.